जिरायत दीर्घिका

"चपला बाहेर. पाण्याच्या बाटल्या बाहेर. आत गेल्यावर भिंतीला टेकायचं नाही, कारण ती भिंत नाही, हवा आहे."

ही वाक्यं मी नोकरीत इतक्या वेळा म्हटली आहेत की घरी पाहुणे आले तरी माझ्या तोंडून आधी 'चपला' निघतं आणि मग 'या'. मी फिरतं तारांगण चालवते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळा, कॉलेजं, एखादी यात्रा, कधी महिला मंडळाचं हळदीकुंकूसुद्धा. बोलावणं येईल तिथं आमची पिकअप जाते. त्याआधी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथं मुलांना लोलकाचे झोके मोजायला द्यायचे, इथं आकाश दाखवते. पगारात फार फरक पडला नाही, पण सकाळी उठून कामावर जावंसं वाटू लागलं. तेवढ्यासाठी मी या नोकरीची आभारी आहे.

ज्यांनी असलं तारांगण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा कापडाचा मोठा घुमट असतो. त्याला खांब नाही, दोरी नाही. एका तोंडाला पंखा लावायचा, तो आत हवा भरत राहतो आणि घुमट फुगून उभा राहतो. दुसऱ्या बाजूला बोगदा असतो, त्यातून वाकून आत जायचं. आत गोल करून बसायचं, मधे प्रोजेक्टर. मी दिवा मालवते आणि भर दुपारी रात्र होते. लोकांनी याला सरळ तंबू म्हणायला सुरुवात केली आणि मला तंबूवाल्या बाई. पहिल्या वर्षी मी 'तंबू नाही, तारांगण' असं सांगत असे. आता मीच फोनवर सांगते, "तंबूवाल्या बाई बोलतेय."

या धंद्यातली खरी विद्या ताऱ्यांची नाही, पंख्याची आहे. वीज गेली की पंखा थांबतो आणि घुमट हळूहळू डोक्यावर येतो. अशा वेळी एकानं जरी पळायला सुरुवात केली तरी चेंगराचेंगरी. म्हणून खेळाच्या आधी मी सगळ्यांकडून एकदा सराव करून घेते: बसून राहायचं, दोन्ही हात वर करायचे, कापड तळहातांवर झेलायचं आणि बोगद्याजवळच्यांनी आधी निघायचं. बाहेर आमचे चालक हणमंतमामा जनरेटर चालू करतात. तोवर आत सगळी शाळा आकाश हातांवर धरून बसलेली असते. मुलांना तोच भाग सर्वांत जास्त आवडतो. कित्येकदा कुणीतरी विचारतं, "मॅडम, लाइट कवा जानार?"

इंदापूर तालुक्यात कळसला एकदा वीज नव्हे, वारा आला. शाळेचं मैदान मोकळं, घुमट जागेवरून सरकायला लागला. आत पहिली-दुसरीची पोरं. हणमंतमामा कापडाला लोंबकळून ओरडत होते. पुढच्या खेळासाठी थांबलेल्या गावातल्या बायका धावत आल्या. त्यातली एक म्हणाली, "ए, बसा गं समद्या काठावर! वजनाला कोन भारी हाय, पुढं व्हा!" आणि त्या हसत-हसत घुमटाकडं पाठ करून त्याच्या घेरावर गोल बसल्या. आत शनीची कडी, गुरूचे चंद्र सगळं निवांत पार पडलं. पोरांना पत्ताही नाही की आपल्या पाठीमागं गावच्या बायका आकाश दाबून बसल्या आहेत. वारा पडल्यावर मी त्यांच्यासाठी खास खेळ केला. कळसचं नाव निघालं की मला अजून आधी त्या बायका आठवतात.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एक आजी खेळ ऐन रंगात आल्यावर म्हणाल्या, "बाई, आता रात बंद करा, मला भाकरी टाकायच्यात." इंदापुरात एक गृहस्थ आत येण्याआधी माझ्या कानाशी लागले, "काय बी दाखवा, पर शनी दाखवू नका. साडेसाती चालू हाय." मी म्हटलं, एकट्यासाठी शनी गाळता येणार नाही, डोळे मिटून बसा. त्यांनी खरंच डोळ्यांवर टोपी ओढली. पण सगळी पोरं 'ओ हो हो' करायला लागल्यावर राहवेना, टोपी वर झाली. "आयला," ते म्हणाले, "येवढा देखना हाय व्हय ह्यो!" आणि शेवटपर्यंत टोपी पुन्हा खाली आली नाही.

ग्रह संपले की हमखास एक प्रश्न येतो. शहरातल्या शाळेत येतो, वस्तीवरच्या शाळेत येतो. "तिकडं कोण राहतं का?" आधी मी 'अजून सापडलं नाही' एवढं म्हणून दिवा लावत असे. पण हे उत्तर खरं असलं तरी कंजूष आहे. मग मी वाचायला लागले, जाणकारांना फोन करून त्रास दिला आणि एक नवा खेळ तयार केला. विषय असा: ग्रह सोडा, तारे सोडा, आख्ख्या दीर्घिकेचा विचार करा. कोणत्या प्रकारच्या दीर्घिकेत जीव तग धरू शकेल?

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र नांदणारा समूह. आपला सूर्य ज्या समूहात आहे ती आपली आकाशगंगा, आणि तशा असंख्य आहेत. ढोबळमानानं तीन प्रकार धरले तरी चालतं. एक सर्पिल, चक्रीसारख्या फिरलेल्या फाट्यांच्या; आपली आकाशगंगा यातली. दुसऱ्या लंबगोल, कणकेच्या गोळ्यासारख्या; त्यांत बहुतेक तारे जुने, तांबूस, आणि नवे तारे घडायला लागणारा थंड वायू फारसा उरलेला नाही. तिसऱ्या आकार नसलेल्या, बहुतेक लहान. त्यांच्यात वायू भरपूर, पण जड मूलद्रव्यं कमी. जड मूलद्रव्यं कशाला हवीत? खडक, माती, हाडं, रक्तातलं लोह हे सगळं त्यांचंच. विश्वाच्या सुरुवातीला ती जवळजवळ नव्हतीच. ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या मरणात ती तयार झाली.

हे सगळं अकरावीच्या मुलांना अंधारात बसवून कसं सांगायचं? मी माळेगावची. वडील कारखान्यात कामाला, घरचा ऊस. मला दाखला घरातच सापडला. आमच्या तालुक्यात जमिनीचे दोन प्रकार लहान पोराला ठाऊक असतात: कॅनॉलचं पाणी पोचतं ती बागायत, पावसावर असते ती जिरायत. माळेगावकडे बागायत, ऊस. मोरगावकडे जिरायत, ज्वारी, बाजरी, शेळ्या. सोयरीक जुळवतानासुद्धा पत्रिकेच्या आधी 'गाव कॅनॉलखाली आहे का' हे विचारतात. तेव्हा मी खेळात म्हणायला लागले: सर्पिल दीर्घिका म्हणजे बागायत. पाणी आहे, पीक आहे, नवे तारे उगवतायत. लंबगोल म्हणजे जिरायत. विहिरी आटल्या, जुनी खोडं उभी आहेत, नवं काही उगवत नाही. तिथं जीव शोधायला जाऊ नका.

माळेगावच्या एका कॉलेजात हा खेळ केला तेव्हा टाळ्या पडल्या. पोरं समजल्यासारखी हसली. मी खूश. पुढं जाईन तिथं तेच वाक्य.

काही आठवड्यांनी मोरगावच्या पलीकडं एका वस्तीवरच्या शाळेत गेलो. पोरांचे खेळ झाल्यावर शेवटचा खेळ मोठ्या माणसांसाठी होता. मी लंबगोल दीर्घिका वर घुमटावर आणली आणि नेहमीचं बोलले. विहिरी आटल्या, खोडं उभी, जिरायत, नवं काही उगवत नाही. अंधारात कुणी हसलं नाही. मग एक म्हातारा आवाज आला.

"बाई, मंग हितं आमी बसलोय ते कोन?"

"भुतं!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मीही हसले आणि पुढं गेले.

खेळ संपून बाहेर आले तर चपलांच्या ढिगाजवळ एक जण थांबलेले. पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. गावात त्यांना तात्या म्हणतात. एके काळी घरची मेंढरं होती, आता बाजरी आणि चार शेळ्या. आतला आवाज त्यांचाच होता.

"माळेगावच्या कालिजात ह्योच खेळ केलता का?"

"हो. का तात्या?"

"मंग ते लंबगोल तुमीच नेलं तितं."

मला काही कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांची नात रूपाली त्याच कॉलेजात अकरावी सायन्सला. रोज एसटीनं जाऊन-येऊन. घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली. माझा खेळ झाल्या दिवसापासून मोरगावच्या बाजूनं येणाऱ्या मुलींना वर्गात 'लंबगोल' नाव पडलं. ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, बसवा तिला, लंबगोलात काय उगवत न्हाय." वर्ग खिदळायचा. आता ती घरी बसली होती. सायन्स नको म्हणत होती. मोरगावातच आर्ट्स घेते, म्हणत होती.

"अहो तात्या, पोरं आहेत. चार दिवसांत विसरतील."

"पोरं इसरतील की. पर तवर माझ्या पोरीनं कालिज बदललेलं असंल, त्याचं काय?"

परतीच्या रस्त्यावर पिकअपमध्ये हणमंतमामाच बोलले. "मी बी जिरायतीतलाच हाय, मॅडम."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तंबूत बोलायचं न्हाय, आसं तुमीच सांगता की."

मी पुन्हा वाचायला बसले. या खेपेला माझ्या दाखल्याला जुळेल तेवढंच न वाचता सगळं वाचलं. आणि जे सापडलं त्यानं मी खुर्चीतून उठलेच. लंबगोल दीर्घिका मेलेल्या मुळीच नाहीत. त्यांतले बहुतेक तारे लहान, जुने, फार संथ जळणारे; त्यांच्याभोवती ग्रह असतील तर त्यांना वेळच वेळ. जड मूलद्रव्यं मोठ्या लंबगोल दीर्घिकांत भरपूर. आणि नवे तारे जन्मत नाहीत याचाच अर्थ असा की भडकून फुटणारे मोठे तारेही फारसे नाहीत. जवळपास असा स्फोट झाला तर ग्रहावरच्या जिवाचं काही खरं नाही. लंबगोलात ती भीती आता कमी. काही संशोधकांचा तर हिशेब सांगतो की मोठ्या लंबगोल दीर्घिका आपल्यापेक्षाही जिवाला बऱ्या असतील.

दुसऱ्याच रविवारी मी मोरगावची वाट धरली. रूपाली दारात शेळ्यांना पाला टाकत होती. शिडशिडीत, सरळ बघणारी मुलगी. मी बसायच्या आत सुरू झाले. लंबगोल दीर्घिका कशा उत्तम, सर्पिलपेक्षाही सरस, काही संशोधक कसं ठामपणे म्हणतात. मी माळेगावात जाऊन हेच सांगणार, म्हटलं, बघू कोण हसतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि बाकीचे संशोधक काय म्हणतात, मॅडम?"

मला सांगावंच लागलं. बाकीचे म्हणतात की लंबगोलातले तारे जेव्हा घडत होते, तेव्हा ते दाटीवाटीनं आणि एकदम घडले. त्या काळात स्फोट आणि मधल्या कृष्णविवराजवळून येणारं प्रारण इतकं होतं की पुष्कळ ग्रह तेव्हाच भाजून निघाले असतील. जाणकारांतच एकमत नाही.

"मग तुम्ही तिथं अर्धंच सांगणार?" ती म्हणाली. "आधी त्यांच्या बाजूचं अर्धं सांगितलं, आता आमच्या बाजूचं?"

तात्या आतून चहा घेऊन आले. वातावरण बघून त्यांनी विषय बदलला, किंवा त्यांना तसं वाटलं. "तुमी माळेगावच्या ना? आमची मेंढरं बसायची की तुमच्याकडं. माझा बा न्यायचा. तुमच्या वडलांच्या रानात बी बसली असतील."

बाहेरच्या वाचकांसाठी: पीक निघालं, रान मोकळं झालं की शेतकरी मेंढ्यांचा कळप रात्रभर शेतात बसवून घेतात. त्यांच्या लेंड्या आणि मुताचं खत जमिनीला मिळतं. आमच्याकडेही बसत. मी लहानपणी पाहिलं होतं आणि पार विसरून गेले होते.

"लोकांची मजाच हुती," तात्या म्हणाले. "उभ्या पिकात चार मेंढरं शिरली की ह्येच लोक कुऱ्हाड घिऊन अंगावर येनार. अन् पीक निघालं की ह्येच च्या पाजून बोलवनार, 'तात्या, आमच्यात कवा बसवताय?' मेंढरं तीच बरं का."

मी कप खाली ठेवला. ताऱ्याचा स्फोट हे तेच की. उभ्या पिकात, म्हणजे जिथं जीव रुजला आहे त्याच्या शेजारी तारा फुटला तर सत्यानाश. पण रान मोकळं असताना फुटला तर त्यातून उडालेली जड मूलद्रव्यं म्हणजे खत. पुढचे तारे, पुढचे ग्रह त्याच खतावर वाढतात. जिथं अजून मेंढरं पुरेशी बसलीच नाहीत, ती लहान बिनआकाराची दीर्घिका. तिथं वायू असून माती मुरमाड. प्रश्न नुसता पाण्याचा नव्हताच. पाणी, खत आणि वेळ, तिन्ही जमायला हवं.

मी हे भडाभडा बोलून दाखवलं. रूपालीचे डोळे चमकले. "म्हणजे स्फोट किती झाले याच्यापेक्षा कधी झाले ते महत्त्वाचं."

"बरोबर!"

"तारं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "पोरगी कालिजात कवा जानार ते बोला."

रूपालीनं पदराला पुसल्यासारखे ओढणीला हात पुसले. "मॅडम, तुम्ही नवीन खेळ तिथंच करा. मी बघायला येते. सगळं सांगितलंत तर मग ठरवते."

कॉलेजच्या प्राचार्यांना पटवणं सोपं नव्हतं. "आमच्या पोरांनी पाहिलाय की तुमचा खेळ," ते म्हणाले. मी सांगितलं, त्यात चूक राहिली आहे, ती दुरुस्त करून द्यायची आहे. त्यांनी मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. शिकवलेलं परत घ्यायला कुणी आल्याचा त्यांना सराव नसावा. मग म्हणाले, "या. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास घ्या."

त्या दिवशी घुमट फुगत असतानाच फाटकातून तात्या आणि रूपाली आली. तात्यांनी तिचं दप्तर काखेत घट्ट धरलं होतं. तिला देत नव्हते.

"दप्तर कशाला धरलंय, तात्या?"

"न्हायच म्हनली तर हितनंच माघारी. परत वर्गात जाऊन आनायला नगं."

"तुम्ही आत चला की."

"मी बघितलाय एकदा. बास." ते चपलांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले.

रूपाली बोगद्याजवळ बसली, अगदी कडेला, लगेच निघता येईल अशी. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. मागून कुणीतरी हळूच 'लंबगोल' म्हणालं. मी ऐकलं आणि दिवा मालवला.

पहिला प्रश्न मी आकाशाचा विचारलाच नाही. "कुणाच्या रानात चोपण आहे?"

चोपण म्हणजे खार फुटून पांढरी पडलेली जमीन. अंधारात आधी चुळबुळ, मग आवाज यायला लागले. "आमच्यात हाय." "चुलत्याच्यात हाय, ऊस लागतच न्हाय." "आमचा खालचा तुकडा पार गेला."

"पाणी कमी पडलं म्हणून गेला?"

"न्हाय मॅडम. पाणी लय झालं म्हनून."

मग मी आपल्या आकाशगंगेचा मध्य घुमटावर आणला. तारेच तारे. शेजाऱ्याला शेजारी खेटलेला. दिसायला फार सुंदर, पण तिथं दाटी एवढी की कुणी ना कुणी जवळपास फुटणारच, आणि मधोमध प्रचंड कृष्णविवर. पीक दाट आहे म्हणजे जिवाला बरं, असं नसतं. मग ज्या दीर्घिकांत ताऱ्यांच्या जन्माचा नुसता पूर आलेला आहे त्या दाखवल्या. त्यांचं चोपण झालं, एवढंच म्हटलं. पुढचं पोरांनी स्वतःच जोडून घेतलं. मग मेंढरं आली. उभ्या पिकातली आणि मोकळ्या रानातली. "आमच्यात अजून बसवत्यात, मॅडम," एक मुलगा म्हणाला. मग लहान, बिनआकाराच्या दीर्घिका, ज्यांना खत कमी पडलंय.

आणि शेवटी लंबगोल. या वेळी दोन्ही बाजू सांगितल्या. संथ जळणारे तारे, भरपूर जड मूलद्रव्यं, आताची शांतता. आणि तरुणपणी सोसलेलं ते सगळं भाजणं. कुणी म्हणतं तिथं जीव भरपूर असेल, कुणी म्हणतं कठीण आहे.

"पर मॅडम, शेवटी चांगलं काय? बागायत का जिरायत?" वर्गात मागच्या बाकावरून चिडवणाऱ्यांतलाच असावा.

"माहीत नाही," मी म्हटलं. "जीव आहे अशी खात्रीची एकच जागा आपल्याला ठाऊक आहे, आपण बसलोय ती. एका रानावरून आख्ख्या तालुक्याचं पीक सांगता येत नाही. मागच्या वेळी मी तेच केलं. ते वाक्य आजपासून खोडा."

मग बोगद्याच्या बाजूनं रूपालीचा आवाज आला.

"मॅडम, या सगळ्यात आपला सूर्य कुठंय? दाखवा ना."

मी आपली आकाशगंगा पुन्हा वर आणली, वरून पाहिल्यासारखी, आणि लेझरचा हिरवा ठिपका मधल्या लखलखाटावर ठेवला. "हा मध्य, इथं गर्दी." ठिपका बाहेर सरकवत नेला, दाट फाटे ओलांडत. "हे अगदी टोक, इथं खत कमी. आणि आपण इथं. गर्दीपासून लांब, पण पार टोकालाही नाही. वस्ती विरळ. शेजारी लांब लांब. फार काही घडत नाही, म्हणून आपण इतकी वर्षं टिकलो."

मग रूपाली, चांगली मोठ्यानं:

"म्हणजे मोरगावाकडंच की!"

असा हशा उठला की कापड हललं. ती स्वतः सर्वांत मोठ्यानं हसत होती. "आयला, सूर्य लंबगोलांचा निघाला!" कुणीतरी ओरडलं.

"चूक!" मी ओरडले. "सूर्य सर्पिल दीर्घिकेतच आहे. नीट ऐका जरा!" पण माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं. माळेगावचा एक मुलगा पुढच्याला विचारत होता, मग आपण कुठं, मधे का? आणि पुढचा म्हणत होता, व्हय, चोपणात.

दिवा लावला तेव्हा रूपालीच्या शेजारची जागा रिकामी नव्हती. एक मुलगी सरकून तिच्याजवळ आली होती आणि वहीच्या मागच्या पानावर चक्री काढून तिला विचारत होती की ठिपका नक्की कुठं होता.

बाहेर चपलांची नेहमीची झोंबाझोंबी झाली. तात्या उभे राहिले होते. रूपाली आली, त्यांच्या काखेतून दप्तर ओढून घेतलं, "येते संध्याकाळी," म्हणाली आणि त्या मुलीबरोबर कॉलेजच्या पायऱ्या चढून गेली. पुढचा तास रसायनशास्त्राचा होता, असं नंतर कळलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तात्यांनी मला विचारलं, "आत कशावर येवढं हसत हुती?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संशयानं माझ्याकडं पाहिलं. "खरं सांगा बाई. का पोरीचं मन राखाया?"

"खरंच तात्या. मन राखायला गेले होते तेव्हा तिनंच मला अडवलं होतं."

त्यांनी मान वर करून दुपारच्या सूर्याकडं डोळे बारीक करून बघितलं, जणू तो तिथून हलला का ते तपासत होते. "मोरगावाकडं," ते म्हणाले. "तरीच. तितली एसटी कदी येळंवर येत न्हाय."

हणमंतमामांनी पंखा बंद केला. घुमट सुस्कारा टाकून खाली यायला लागला, तसे आम्ही दोघं कापड गोळा करायला धावलो. बारामतीपर्यंत सोडतो म्हटलं तर तात्या नको म्हणाले. रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहिले. आता हातात काही नव्हतं, म्हणून की काय, त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. आधी मागं बांधले, मग खिशात घातले. एसटी आली, बऱ्याच उशिरानं. तात्या एकटेच चढले आणि खिडकीशी बसले.